ताप उतरला म्हणजे आजार संपला?

'अरे, ताप तर कधीच उतरला ना? मग आता काय झालंय तुला?' हा प्रश्न तुम्ही कुणाला तरी विचारला असेल, नाहीतर कुणीतरी तुम्हाला. आजारपणाचं आपलं गणित एकदम सरळ असतं. पारा चढला की आजारी, उतरला की बरे. चार दिवस खिचडी, पाचव्या दिवशी लेक्चर. त्यानंतरही कुणी दोन जिने चढून धापा टाकत असेल, तेच पान तीनदा वाचत असेल, कट्ट्यावर बसूनही गप्पांत नसेल, तर त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द तयार असतात. आळशी. नाटकी. 'हल्ली फारच नाजूक झालाय.'

गेल्या काही वर्षांतलं संशोधन मात्र सांगतंय, की हे गणित अपुरं आहे. काही व्हायरस ताप उतरल्यावरही शरीरातून जात नाहीत. काही जातात, पण जाताना मेंदूत आणि प्रतिकारशक्तीत गोंधळ घालून जातात. हे सगळं म्हातारपणीचे आजार म्हणून आपण बाजूला ठेवू शकत नाही, कारण यातल्या काहींचा सगळ्यात जास्त संबंध आपल्याच वयाशी आहे. म्हणून हा विषय फक्त मेडिकलच्या मुलांचा नाही. तो हॉस्टेलचा आहे, अटेंडन्सचा आहे आणि मित्राशी आपण कसं वागतो याचाही आहे.

जुने भाडेकरू

सुरुवात ओळखीच्या आजारापासून करू. लहानपणी तुम्हाला कांजिण्या आल्या असतील. घरात कडुलिंबाचा पाला, अंगाला खाज, शाळेला सुट्टी. आठवड्याभरात खपल्या पडल्या आणि सगळे विसरले. व्हायरस मात्र विसरला नाही. तो पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन बसला आणि आजही तिथेच आहे. पागडीच्या खोलीतल्या जुन्या भाडेकरूसारखा. त्रास देत नाही, पण निघतही नाही.

पन्नाशी-साठीनंतर, किंवा कधी त्याआधीही, प्रतिकारशक्ती ढिली पडली की हाच भाडेकरू बाहेर येतो. तेव्हा आपण त्याला नागीण म्हणतो. अंगाच्या एकाच बाजूला पट्टा उमटतो आणि असह्य आग होते. नागिणीची दोन तोंडं जुळली की माणूस दगावतो, ही समजूत तुम्ही आजीकडून ऐकली असेल. ती खरी नाही. खरी गोष्ट ही, की पट्टा एका बाजूलाच राहतो, कारण व्हायरस एकाच मज्जातंतूच्या वाटेने बाहेर येतो.

असे भाडेकरू बरेच आहेत. ओठाच्या कडेला ताप फुटतो, तो हर्पीसचा व्हायरस चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या गाठीत राहतो. हिपॅटायटिस बी यकृतात तळ ठोकू शकतो. एचआयव्ही तर पेशींच्या डीएनएमध्येच स्वतःची प्रत घुसवतो. आणि एक व्हायरस असा आहे, ज्याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, पण जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. एपस्टीन-बार व्हायरस, थोडक्यात ईबीव्ही.

१९६४ मध्ये लंडनमध्ये अँथनी एपस्टीन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग यांनी तो शोधला. युगांडातून आलेल्या, लहान मुलांच्या कर्करोगाच्या नमुन्यांत तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला. माणसात कर्करोग घडवू शकतो असं समजलेला हा पहिला व्हायरस. तो लाळेतून पसरतो. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो आणि कळतही नाही. पण तो विशी-बाविशीत पहिल्यांदा झाला, तर घसा, मानेच्या गाठी, ताप आणि मग कित्येक आठवडे न हटणारा थकवा अशी गत होऊ शकते. नंतर तो रक्तातल्या बी-पेशींमध्ये दडतो. या बी-पेशी म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीच्या आठवणी सांभाळणाऱ्या पेशी. चोर लपला तो थेट पोलीस ठाण्याच्या रेकॉर्ड रूममध्ये!

एक कोटी सैनिकांचं रक्त

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा आजार साधारण २० ते ४० या वयात सुरू होतो आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त दिसतो. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. वायरवरचं प्लास्टिक निघालं की करंट जसा नीट पोचत नाही, तसे मेंदूचे निरोप पोचत नाहीत. एका डोळ्याने अंधूक दिसतं, पाय बधिर होतो, तोल जातो.

या आजारामागे ईबीव्ही असावा, असा संशय जुना होता. पण जो व्हायरस जवळपास सगळ्यांमध्ये आहे, त्याला दोषी ठरवायचं कसं? हार्वर्डच्या अल्बर्टो अश्चेरियो यांच्या टीमने त्यासाठी अमेरिकी सैन्याकडे पाहिलं. तिथे सैनिकांच्या रक्ताचे नमुने ठराविक काळाने घेऊन साठवलेले असतात. एक कोटीहून अधिक तरुण सैनिकांमधून नोकरीच्या काळात एमएस झालेले ९५५ जण सापडले. त्यातल्या ८०१ जणांचे जुने नमुने तपासण्यासारखे होते. सुरुवातीला यातल्या ३५ जणांना ईबीव्हीची लागण नव्हती. एमएस होईपर्यंत त्यातला एक जण सोडून सगळ्यांना ती झालेली होती. ईबीव्हीच्या लागणीनंतर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. इतर व्हायरसच्या बाबतीत तसं काही दिसलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये 'सायन्स'मध्ये हा अभ्यास छापून आला. त्याच महिन्यात 'नेचर'मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हे कसं घडत असेल, याचा एक धागा दाखवला. ईबीव्हीच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या एका प्रथिनासारखा दिसतो. चोराला पकडायला निघालेली अँटिबॉडी सारख्या चेहऱ्याच्या घरच्याच माणसाला धरते.

आता इथे घाबरून जाऊ नका. ईबीव्ही बहुतेकांमध्ये असतो आणि एमएस फार थोड्यांना होतो. जनुकं आणि इतर गोष्टींचीही साथ लागते. नुसता व्हायरस पुरत नाही. पण तो नसेल तर आजारही जवळपास होत नाही, असं या आकड्यांवरून दिसतं. किशोरवयात होऊन गेलेला 'साधा घसा' कित्येक वर्षांनी मेंदूपर्यंत पोचू शकतो, ही कल्पना दहा वर्षांपूर्वी कुणी कट्ट्यावर मांडली असती, तर आपण हसलो असतो.

थकलेली फौज, पुसलेली वही

व्हायरस मुक्कामाला राहिला की प्रतिकारशक्तीचं काय होतं? सगळ्यांना वाटतं, ती रोज लढून तगडी होत असेल. घडतं उलटं. रफी अहमद हे मूळचे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले शास्त्रज्ञ. ते अमेरिकेत एमोरी विद्यापीठात काम करतात. उंदरांमधल्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गाचा अभ्यास करताना त्यांच्या प्रयोगशाळेला दिसलं, की सतत लढणाऱ्या टी-पेशी मरत नाहीत, पण काम करेनाशा होतात. जागेवर उभ्या असतात, हात मात्र चालत नाहीत. याला टी-पेशींची दमणूक म्हणता येईल. २००६ मध्ये त्यांच्या टीमने दाखवलं, की या पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक लागलेला असतो आणि तो काढला की त्या पुन्हा काम करू लागतात. हाच ब्रेक काढण्याच्या तत्त्वावर आज कर्करोगाची इम्युनोथेरपी उभी आहे. पीडी-१ शोधणारे तासुकू होंजो आणि तसाच दुसरा ब्रेक उलगडणारे जेम्स अॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

गोवराची गोष्ट आणखी वेगळी. गोवराचा व्हायरस प्रतिकारशक्तीच्या आठवणीच पुसतो. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासण्यात आलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मुलांच्या आधीच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झालेल्या होत्या. म्हणजे न्यूमोनियाशी, फ्लूशी, इतर जंतूंशी लढून लिहिलेली वही गोवराने कुणाची थोडी, तर कुणाची जवळपास पाऊण कोरी केली. मुलाला तो सगळा अभ्यास पुन्हा पहिल्यापासून.

आणि क्वचित गोवराचा व्हायरस मेंदूत राहतो. साधारण सहा ते दहा वर्षं तो गप्प असतो. मग एसएसपीई नावाचा आजार डोकं वर काढतो. त्याची सुरुवात कशी होते माहितीये? मुलाचे मार्क कमी होतात. चिडचिड वाढते. अक्षर बिघडतं. घरचे म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. शाळा म्हणते, वाया चाललाय. मग हातापायांना झटके येऊ लागतात, फिट्स येतात आणि तोवर उशीर झालेला असतो. हा आजार जवळजवळ नेहमी जीव घेतो. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना त्याचा धोका जास्त. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत गोवराची साथ आली, मुलं दगावली. कोविडच्या काळात चुकलेलं लसीकरण हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. बातम्या महिन्याभरात थांबल्या. पण गोवराच्या साथीचा हिशेब महिन्याभरात संपत नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. आणि हे सगळं टाळायला लसीचे दोन डोस पुरतात, तेही सरकारी केंद्रात फुकट.

डोक्यात धुकं

तुम्हाला फ्लू झाला की भूक जाते, झोप येते, कुणाशी बोलू नये असं वाटतं. हे व्हायरस करत नाही, तुमचाच मेंदू करतो. लढाई सुरू झाली की प्रतिकारशक्तीच्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. त्यांचा निरोप रक्तातून आणि मज्जातंतूंमधून मेंदूला पोचतो आणि मेंदू हुकूम सोडतो, गप पडून राहा, शक्ती वाचव. चार दिवसांसाठी हा हुकूम शहाणपणाचा आहे. प्रश्न येतो तो हुकूम मागे घेतला गेला नाही की. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या स्वतःच्या पहारेकरी पेशी असतात. त्या खवळलेल्याच राहिल्या, तर लक्ष, आठवण, मूड या सगळ्यावर परिणाम होऊ शकतो. एचआयव्हीमध्ये हे अनेक वर्षांपासून माहीत आहे. व्हायरस मेंदूतल्या याच पेशींमध्ये शिरतो आणि उपचार नसतील तर विचारशक्ती हळूहळू मंदावते. वेळेवर औषधं सुरू केली, तर हे मोठ्या प्रमाणात टळतं.

कोविडने हाच प्रश्न सगळ्या जगापुढे आणला. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये लाँग कोविडची व्याख्या केली. लागणीनंतर साधारण तीन महिन्यांनीही असलेली, निदान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने समजावता न येणारी लक्षणं. त्यात थकवा, दम लागणं आणि विचारात अडखळणं ही ठळक. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या ऑनलाइन चाचण्यांचे निष्कर्ष आले. कोविडमधून लवकर बरे झालेल्यांचे गुणही कोविड न झालेल्यांपेक्षा थोडे कमी होते, आयक्यूच्या मापात साधारण तीन गुणांइतके. ज्यांची लक्षणं तीन महिन्यांनंतरही गेलेली नव्हती, त्यांच्यात ही तूट सहा गुणांइतकी होती. याच अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की ज्यांची लांबलेली लक्षणं अखेर गेली, त्यांचे गुण लवकर बरे झालेल्यांच्या बरोबरीला आलेले दिसले. म्हणजे धुकं विरू शकतं. डब्लिनच्या संशोधकांनी त्याच महिन्यात आणखी एक दुवा दाखवला. लाँग कोविडमध्ये डोकं धुरकटल्याची तक्रार करणाऱ्यांत रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत झिरपत असल्याचं स्कॅनमध्ये दिसलं. 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्यांनी हा स्कॅन एकदा बघावा.

यातलं एक लक्षण तर बाहेरच्याला हमखास फसवतं. आज मुलगा हसतखेळत प्रॅक्टिकल करतो, सबमिशन देतो आणि त्यानंतर दोन दिवस उठूच शकत नाही. श्रमाची किंमत उशिरा वसूल होते. बघणाऱ्याला वाटतं, 'काल तर चांगला होता!' चिकुनगुन्या झालेलं कुणी घरात असेल, तर तुम्हाला हे वेगळ्या रूपात माहीत असेल. ताप आठवड्यात जातो, पण मामा सहा महिने सकाळी मूठ वळू शकत नाहीत. तिथे आपण विश्वास ठेवतो, कारण सांधे सुजलेले दिसतात. मेंदूचं दमणं दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

'रिपोर्ट तर नॉर्मल आहेत'

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या बॅचमधल्या एका मैत्रिणीला व्हायरल तापानंतर तीन महिने असा थकवा होता. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. दुसरे म्हणाले, लग्नाचं वय झालं की असं होतं. कॉलेजच्या नोटीस बोर्डवर तिचं नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं, कारण मेडिकल सर्टिफिकेट फक्त तापाच्या सहा दिवसांचं होतं. तिच्या आजाराला नाव नव्हतं, म्हणून तिच्या गैरहजेरीला कारण नव्हतं.

कायदा बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. चांगली गोष्ट आहे. पण व्हायरसनंतरचे तीन-चार महिने खचलेल्या विद्यार्थ्याला ना ही यादी लागू होते, ना सहा दिवसांचं सर्टिफिकेट पुरतं. तो मधल्या मध्ये लटकतो. ७५ टक्के अटेंडन्सचा नियम दोनच प्रकारची माणसं ओळखतो, आजारी आणि बरी. अर्धवट बरा झालेला माणूस त्याला ठाऊकच नाही.

यावर प्राध्यापकांचं उत्तर मला माहीत आहे आणि ते अगदीच चुकीचं नाही. 'अशी सवलत दिली तर उद्या अर्धा वर्ग थकवा घेऊन येईल.' खरं सांगायचं तर आपल्यातल्या काहींनी तापाची खोटी सर्टिफिकेटं आणून हा अविश्वास कमावलेला आहे. पण नीट बघा, आजची पद्धत नेमकी कुणाला सोयीची आहे? खोटं सर्टिफिकेट मिळवणाऱ्याला. त्याचं काम एका कागदात भागतं. अडकतो तो खरा आजारी, ज्याचे रिपोर्ट नॉर्मल येतात. त्यापेक्षा कॉलेजच्या डॉक्टरांकडे दर चार आठवड्यांनी तपासणी आणि त्यानुसार सवलत कमी-जास्त, अशी पद्धत ठेवा. एकदा खोटं बोलणं सोपं असतं, तीन महिने दर भेटीला तेच सांगत राहणं अवघड असतं.

म्हणून कॉलेजांकडे आणि विद्यापीठांकडे माझ्या मागण्या साध्या आहेत. लांबलेल्या आजारानंतर एकदम पूर्ण नाही, टप्प्याटप्प्याने परत येण्याची सोय असावी. पहिले काही आठवडे निम्मी लेक्चर्स, बाकीच्या नोट्स किंवा रेकॉर्डिंग. एनसीसी, स्पोर्ट्स, औद्योगिक भेटी यांत नुकत्याच आजारातून उठलेल्यांना ओढू नये. कॉलेजचे डॉक्टर आणि समुपदेशक यांनी एकमेकांशी बोलावं, कारण थकलेल्या मुलाला कधी औषध लागतं, कधी आधार आणि कधी दोन्ही. आणि प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला, गॅप सर्टिफिकेट, डोमिसाइल असे दहा कागद मागता, तिथे लसीकरणाचीही एकदा चौकशी करा आणि राहिलेल्यांसाठी वर्षातून एक कॅम्प घ्या. यातल्या कशालाही नवी इमारत लागत नाही.

आणि आपण?

सगळं कॉलेजवर ढकलून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

पहिली गोष्ट, थकवा आला की लगेच 'मला लाँग कोविड झालाय' असं स्टेटस टाकू नका. आपल्याकडे थकव्याची साधी कारणंच जास्त असतात. हिमोग्लोबिन कमी, बी-१२ कमी, थायरॉइड, टीबी, डिप्रेशन, रात्री तीनपर्यंत रील्स. आधी डॉक्टरांकडून ही तपासून घ्या. यातली बरीच दुरुस्त होतात. पण एका डोळ्याने अचानक अंधूक दिसू लागलं, अंगाचा एखादा भाग बधिर झाला, तोल जाऊ लागला, तर 'झोप झाली की बरं वाटेल' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

दुसरी, ताप उतरल्यावर तिसऱ्या दिवशी जिममध्ये जाऊन 'घाम काढणं' हा पराक्रम नाही. थोडं करा, दुसऱ्या दिवशी शरीर काय म्हणतंय ते बघा, मग वाढवा. दमल्यावर ढकलत राहिलं की स्टॅमिना वाढतो, हा नियम इथे चालत नाही.

तिसरी, 'इम्युनिटी बूस्टर'च्या नावाखाली विकला जाणारा काढा, गोळी, सरबत घेण्याआधी जरा विचार करा. वर सांगितलेल्या गोष्टी पुन्हा आठवा. एमएसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, चुकीच्या जागी मारते. दमलेल्या टी-पेशींना ढोस देऊन उठवता येत नाही. प्रतिकारशक्ती ही काही बाइक नाही, की रेस दिली की पळाली. तिला नीट शिकवणारी आणि सिद्ध झालेली गोष्ट एकच, लस.

त्याचा एक सुंदर पुरावा वेल्समधून आलाय. तिथे सप्टेंबर २०१३ मध्ये नागिणीची लस द्यायला सुरुवात झाली, पण २ सप्टेंबर १९३३ च्या आधी जन्मलेल्यांना ती मिळणार नव्हती. म्हणजे आठवड्याभराच्या अंतराने जन्मलेल्या, बाकी सगळं सारखं असलेल्या म्हाताऱ्यांपैकी काहींना लस मिळाली, काहींना नाही. पुढच्या सात वर्षांत लस घेतलेल्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी कमी दिसलं. एप्रिल २०२५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दडलेला व्हायरस आणि विसरणारा मेंदू यांचा संबंध असावा, या शंकेला त्याने बरंच बळ दिलं. आपल्याकडेही नागिणीची लस मिळते. ती महाग आहे आणि सरकारी योजनेत नाही, पण आजी-आजोबांसाठी डॉक्टरांना एकदा विचारायला पैसे पडत नाहीत.

आपल्या स्वतःच्या लसींचं काय? हिपॅटायटिस बी ची लस देशभरातल्या सरकारी लसीकरणात २०११-१२ च्या सुमारास आली. आत्ता कॉलेजात असलेल्या अनेकांचा जन्म त्याआधीचा. खासगीत घेतली असेल तर ठीक, नसेल तर तीन डोस आजही घेता येतात. गोवराचे दोन डोस झालेत का, तेही बघा. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत आणि गुप्त असते, १०९७ या हेल्पलाइनवर माहिती मिळते. हिपॅटायटिस सी तर आता बहुतेकांमध्ये साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. सगळे भाडेकरू कायमचे नसतात.

आणि शेवटचं, जे कुठल्याही प्रयोगशाळेवर अवलंबून नाही. पुढच्या वेळी मित्र म्हणाला, 'अजून बरं वाटत नाही,' तर त्याला पुरावा मागू नका. नोट्स पाठवा. ग्रुप प्रोजेक्टमध्ये त्याला बसून करायचं काम द्या. आलं नाही जमत तर 'परत काय झालं?' न म्हणता चहा घेऊन रूमवर जा. व्हायरसने दमलेल्या माणसाला सगळ्यात जास्त दमवतं ते स्वतःचा आजार रोज नव्याने सिद्ध करत बसणं.

तेवढं एक काम आजच करा. घरी फोन लावा आणि आईला विचारा, 'माझं लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड कुठे आहे?' कपाटातल्या कुठल्या तरी फाइलमध्ये ते असेल. फोटो मागवा, डोस मोजा आणि राहिलेला असेल तर सेमिस्टर संपायच्या आत घेऊन टाका.